चार खांद्यांची वाट

फादरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या एका हातात स्वतःच्या चपला होत्या आणि खांद्यावर केळीचं रोप होतं. चैत्रातलं ऊन, रस्ता असा तापलेला की कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं, आणि हा पांढऱ्या झग्यातला उंच माणूस मिरासदारांच्या, म्हणजे गावच्या बड्या जमीनदाराच्या, गल्लीतून अनवाणी चाललेला. पापनाशमजवळच्या त्या गावात सरकारी शाळेवर मी नुकतीच रुजू झाले होते. मला वाटलं, चपलेचा अंगठा तुटला असेल. मी आपली मोठ्या उपकारबुद्धीनं तमिळमध्ये सांगितलं की बस थांब्याजवळ चांभार बसतो. त्यांनी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये उत्तर दिलं की चपला धड आहेत. मग मान वळवून स्वतःशीच पुटपुटले, “आता ह्या बाईला काय समजावून सांगू, कपाळ माझं!”

हे मराठीत.

मी म्हटलं, “सांगा की. मला कळतं.”

चपला हातातून गळून पडल्या. केळीचं रोपही पडणारच होतं, ते मी धरलं.

असे आमच्या घरी फादर आले. ते मूळचे वसईकडचे, बागायतदाराच्या घरातले. त्यांच्या धर्मगुरूंच्या संघानं त्यांना पार इकडे, कावेरीच्या मुलखात मिशनच्या कामाला धाडलेलं. आणि आम्ही तंजावूरचे मराठे, भोसल्यांच्या राज्यात आमचे कोणी पूर्वज इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचं, बाहेर तमिळ, आणि भांडायचं दोन्हीत. देवनागरी वाचता येणारे आमच्या गल्लीत दोघंच, अप्पा आणि मी, आणि तेही अप्पांनी मला कान पिळून शिकवलं म्हणून. फादरना आमची मराठी ऐकून मौज वाटायची. म्हणायचे, जुन्या बखरीतली माणसं जिवंत होऊन रसम वाढतायत असं वाटतं. अप्पांना त्यांची मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटे. दोघं एकमेकांकडे बघून हसत बसायचे.

दर गुरुवारी ते गावाहून तंजावूरला सामान घ्यायला यायचे आणि संध्याकाळी, मी शाळेतून बसनं घरी परतले की, आमच्याकडे जेवायला थांबायचे. आईला पहिले काही महिने भारी धास्ती. पोळी वाढताना तिचा एक डोळा माझ्या गळ्यावर असायचा, हा मनुष्य केव्हा त्यात क्रूस अडकवेल म्हणून. फादरना ते कळत होतं. एकदा ते तिला म्हणाले, “आई, काळजी करू नका. मी तुमच्याकडे धर्मासाठी येत नाही, भाषेसाठी येतो.” त्यानंतर आईनं त्यांच्या पोळीवर तुपाचा हात सैल केला.

आता त्या चपलांचं. माझ्या शाळेच्या गावाला दोन वस्त्या होत्या. एक ऊर, म्हणजे जमीनवाल्यांचं गाव, आणि कालव्यापलीकडे चेरी, शेतमजुरांची वस्ती. चेरीतली माणसं ऊरमधल्या मोठ्या गल्लीत शिरताना चपला काढून हातात घ्यायची. कोणी तसं सांगत नव्हतं. कुठे लिहिलेलं नव्हतं. टीव्हीवर केबल आली होती, बस थांब्यावर एसटीडी बूथ उघडलं होतं, मिरासदारांच्या दारात मारुती उभी होती, आणि तिच्या बाजूनं माणसं चपला हातात घेऊन जात होती. फादर चेरीत राहायचे, झापांच्या छपराखालच्या एवढ्याशा प्रार्थनाघराला लागून. म्हणून तेही चपला हातात घ्यायचे. भाषण नाही, निषेध नाही. “मी चेरीतला, चेरीतल्यासारखा चालतो,” एवढंच.

राग आला की ते मराठीत ओरडायचे. तमिळमध्ये त्यांना रागावताच यायचं नाही, क्रियापद शोधेपर्यंत राग जायचा. त्यामुळे चेरीतल्या पोरांना “गाढवा”, “शहाणाच आहेस”, “उठ मेल्या” एवढं मराठी उत्तम येत होतं. माझ्या वर्गातला एक पोरगा पाढा चुकला की स्वतःच “कपाळ माझं” म्हणून डोक्याला हात लावायचा. आणि प्रार्थनाघर झाडणारी एक म्हातारी होती, तिला सगळे पाट्टी म्हणायचे, म्हणजे आजी. तिची तर पक्की समजूत होती की ही सगळी देवाचीच भाषा आहे. फादर ओरडले की ती हळूच छातीवर क्रूस काढायची.

त्यांच्या कामाची तऱ्हाही अशीच उफराटी. मिशनरी म्हटला की उपदेश करील, पुस्तकं वाटील. हे नव्या वस्तीत गेले की आधी विचारायचे, इथे मेलेल्या माणसाला कुठून नेतात? मी एकदा म्हटलं, फादर, हे काय अभद्र. तर म्हणाले, “माणूस मेल्यावर कुठून जातो ते बघा टीचर, गाव तुम्हाला समजून जातं.” आणि ह्या गावात माणूस पाण्यातून जात होता.

चेरीची मसणवट मिरासदारांच्या शेतांपलीकडे, कालव्याच्या अंगाला होती. मधे सगळी भाताची खाचरं. धरणाचं पाणी सुटलं की आषाढापासून पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, ती भरलेली. मधला बांध एक माणूस तोल सांभाळत जाईल एवढाच. ताटी, म्हणजे तिरडी, घेऊन चौघांना बांधावरून जाता येत नाही, म्हणून ते पाण्यात उतरायचे. पीक तुडवलं म्हणून वर मिरासदारांच्या माणसांच्या शिव्या खायच्या. ऐप्पसीच्या, म्हणजे आमच्या आश्विन-कार्तिकाच्या पावसात पाणी कमरेच्या वर यायचं. पाट्टीच्या नवऱ्याला नेताना एकाचा पाय घसरला आणि ताटी पाण्यात गेली. हे तिनं मला स्वतः सांगितलं, शाळेच्या पायरीवर बसून, अगदी साध्या आवाजात. मग म्हणाली, सामींना सांगितलंय मी. इकडे फादरला सामीच म्हणतात. काय सांगितलंय, मी विचारलं.

“मला कोरडी न्या म्हटलं. दुसरं काही नको.”

आणि फादरनी तिला हो म्हटलं होतं.

त्यांच्या संघाचे तेव्हाचे वरिष्ठ एक म्हातारे धर्मगुरू होते. त्यांना मी दोनदा पाहिलं. पिशवी घेऊन बसमधून उतरायचे, चेरीत चटईवर झोपायचे, सकाळी फादरबरोबर चार वस्त्या फिरायचे आणि जायचे. संघातले बाकीचे लोक म्हणे विचारायचे, इतकी वर्षं झाली, बाप्तिस्मे किती? म्हातारबुवांनी तो प्रश्न कधी फादरपर्यंत येऊच दिला नाही. त्यांनी तो बांध पाहिला होता. त्यावरून चालताना स्वतःच एकदा पाण्यात पडले होते, आणि फादरनी त्यांना हात देताना मराठीत जे म्हणायचं ते म्हटलं होतं. ते हसत सुटले. त्या माणसाच्या सावलीत फादरनी आपलं काम हवं तसं केलं. वरचा माणूस पायी येऊन डोळ्यांनी बघून जातो, ह्यासारखा आधार नाही, असं मी आज म्हणते. तेव्हा आम्हाला ते नेहमीचंच वाटायचं.

मिरासदारांकडे फादरनी कधी वाट मागितली नाही. त्यांच्या ओट्यासमोरून रोज अनवाणी गेले, इतकंच. पहिल्या वर्षी मिरासदारांनी दुर्लक्ष केलं. मग एकदा हाक मारून म्हणाले, फादर, तुम्ही तरी चपला घाला, आम्हाला लाज वाटते. फादर म्हणाले, सगळे घालतील तेव्हा घालीन. पुढे मिरासदारांच्या केळीबागेत मर रोग शिरला. फादरनी जाऊन बाग पाहिली, आजारी कंद उपटायला लावले, गावाकडून आणलेली रोपं लावून दिली. बागायतदाराचा मुलगा तो, केळीशी बोलायचा. ह्या केळीवरून दोघांचं जमलं. फादर त्यांच्या ओट्यावर बसून कॉफी प्यायला लागले, चपला खाली पायरीशी. मिरासदार काही वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी कधी असं शांतपणे लाजवलं नव्हतं.

आणि एका दिवाळीला तो आपणहून बोलला. सांबाचं, म्हणजे पोंगलच्या सुमाराला येणारं, भात कापून झालं की बांध रुंद करून घ्या. माझी माती घ्या. चार खांदे जातील एवढा करा.

त्या गुरुवारी फादर आमच्याकडे आले ते दारातूनच ओरडत. आईला वाटलं अपघात झाला. जेवताना बोलणं थांबेना, बांध कसा उचलायचा, कडेला केळी कशा लावायच्या, मुळं माती धरून ठेवतात म्हणून. अप्पा तालुका कचेरीत आयुष्य घालवलेले. ते म्हणाले, कागद करून घ्या. फादरनी मान हलवली. कागद केला की त्याचे भाऊ येतील, वकील येईल, कचेरी येईल. त्यानं मला तोंडानं दिलंय, मी तोंडानं घेतलंय. अप्पांनाही ते पटलं, कारण कचेरीत काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. चेरीत बायकांनी पाट्या आणि फावडी जमवायला सुरुवात केली. पाट्टी रोज कापणीची चौकशी करायची, जसं काही पीक तिचंच होतं.

पण त्या म्हाताऱ्या वरिष्ठांची मुदत संपली होती. नवे आले ते तरुण, परदेशात शिकलेले, मोठे हुशार. तो काळच तसा होता. जो तो इंग्रजी शाळेच्या मागे लागलेला. आमच्या गल्लीतले भाजीवालेसुद्धा पोराला टाय बांधून रिक्षात बसवत होते. नव्या वरिष्ठांनी ठरवलं की संघानं तंजावूरला मोठी इंग्रजी शाळा काढायची. इमारत उभी राहिली. आता तिथे करस्पाँडंट पाहिजे, म्हणजे शाळेचा सगळा कारभार पाहणारा माणूस. त्यांनी फादरना निवडलं.

नाताळानंतरच्या गुरुवारी ते स्वतः फादरना घेऊन आमच्याकडे जेवायला आले. येताना आईसाठी केक आणला, बिनअंड्याचा, विचारून. असा माणूस. त्याच्यावर रागवायचं कसं? फादरबद्दल इतकं प्रेमानं बोलत होते की ऐकत राहावं. म्हणाले, हा माणूस इतकी वर्षं चिखलात राबला, कोणी त्याची किंमत केली नाही, मी करणार आहे. अप्पांनी हळूच विचारलं, दोन-तीन महिने उशिरा नाही का चालणार? त्यांचं गावात एक काम अर्ध्यावर आहे. ते म्हणाले, जानेवारीत प्रवेश सुरू होतात. आणि मग फादरकडे वळून, “बांधाचंच ना? बांध काय, कोणीही घालील. नवा फादर पाठवतोय मी.”

मी फादरच्या तोंडाकडे बघत होते. आता बोलतील, मग बोलतील. पाट्टीचं सांगतील, पाण्यात गेलेल्या ताटीचं सांगतील. ते पोळीची घडी घालत राहिले, उलगडत राहिले, पुन्हा घालत राहिले. एवढंच म्हणाले, “काम राहिलंय खरं.” मराठीत आरडाओरडा करणारा माणूस.

वरिष्ठ गाडीकडे गेल्यावर मी त्यांना दारात गाठलं. म्हटलं, नाही म्हणा. सरळ नाही म्हणा.

“टीचर, आज्ञा पाळीन असा मी शब्द दिलाय.”

“पाट्टीलाही दिलाय.”

ते चपलेत पाय घालत होते. थांबले.

“तो नंतर दिला,” म्हणाले.

घरात येऊन मी भांडी आपटली.

त्यांच्यात आणखी एक रीत आहे, ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. बदली झालेल्या धर्मगुरूनं जुन्या ठिकाणी परत फिरकायचं नाही. नव्या माणसाला आपला जम बसवता यावा, लोकांनी जुन्याच्या नावानं त्याला छळू नये, म्हणून. रीत काही खोटी नाही. शाळेत नवा मुख्याध्यापक आला की जुना रोज येऊन बसला तर काय होतं ते मी पाहिलंय. पण कापणी होऊन शेत कोरडं पडलं तेव्हा फादरनी दोन दिवस चेरीत जाण्याची परवानगी मागितली आणि वरिष्ठांनी फोनवर समजावून सांगितलं की ते बरं दिसणार नाही. मग हे वीस-पंचवीस किलोमीटरवर असून गेले नाहीत.

नवा फादर चांगला उत्साही मुलगा होता, जीपमधून यायचा. चपला घालून. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानं आल्या आल्या चेरीच्या सह्या आणि अंगठे घेऊन तहसीलदारांकडे अर्ज दिला, वर्तमानपत्रवाल्याला बोलावून बांधाचा फोटो काढवला. न्यायानं पाहिलं तर त्याचं चूक काय? हक्कच होता तो. पण मिरासदारांचे भाऊ आले, वकील आला, कचेरी आली. मोजणी लागली आणि लागलेलीच राहिली. मी मिरासदारांना भेटायला गेले होते, त्यांची नात माझ्या वर्गात होती. ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, मी त्या माणसाला दिली होती वाट. संघाला नाही आणि सरकारला तर नाहीच. तुमचा माणूस आणा, मी आज माती टाकतो.

माझा माणूस कुठून आणणार होते मी?

माझा माणूस तंजावूरला बूट घालून बसला होता. शाळेचा नियम, पोरांना बूट, मग करस्पाँडंटलाही बूट. शाळा चांगली चालवली त्यांनी, खोटं का बोलू? माझ्या बहिणीची दोन्ही मुलं तिथेच शिकली, एक आता अमेरिकेत आहे. म्हणून तर राग धड काढताही येत नाही. आवारभर सिमेंट होतं. पाण्याच्या टाकीमागे एका पिंपात त्यांनी केळ लावली होती. ती वाढली, पण तिला घड कधी लागला नाही.

संध्याकाळी ते बस स्टँडवर जाऊन बसायचे. हे मला अप्पांनी सांगितलं, आणि मग मी पाहिलंही. पापनाशमहून बस आली की उतरणाऱ्यांत ओळखीचं कोणी आहे का बघायचे. असलं की विचारायचे, कालव्याला पाणी किती, कोणाला मूल झालं, पाट्टी कशी आहे. गावात जायचं नाही, एवढंच ना? बस स्टँड काही गावात नव्हता.

त्या वर्षी ऐप्पसीत चेरीतला एक तरुण माणूस विजेचा धक्का लागून गेला. त्याला पाण्यातूनच नेला. पुन्हा कोणाचा तरी पाय घसरला. गुरुवारी मी जेवताना हे सांगितलं. फादरनी ताटावरचा हात काढला. हात धुऊन निघाले. दाराशी बूट होते, ते तसेच ठेवून गेले. आईनं ते उचलून आत ठेवले आणि गल्लीतल्या पोराबरोबर परत धाडते म्हणाली, पण मी म्हटलं, राहू दे. त्यानंतर ते शाळेत अनवाणीच फिरायचे. पालक कुजबुजले. वरिष्ठांना वाटलं, मधुमेहानं पाय सुजत असतील. त्यांनी आपुलकीनं डॉक्टर पाठवला.

मधुमेह होताच. पायाला काहीतरी लागलं, ते बरं झालं नाही. दोन वर्षांत ते गेले.

त्यांची एक इच्छा होती, चेरीच्या मसणवटीत पुरा म्हणून. अप्पांना बोलले होते. अप्पांनी वरिष्ठांना सांगितलं, तेव्हा वरिष्ठ रडले. खरोखर रडले. पण संघाची दफनभूमी शहरात आहे, सगळे धर्मगुरू तिथेच असतात, एकाला चिखलात कसं ठेवायचं? आणि मग मला म्हणाले, “तो बांध एवढा महत्त्वाचा होता हे त्यांनी मला कधी सांगितलंच नाही.” मी म्हटलं, सांगण्यासारखं नव्हतं ते, येऊन बघण्यासारखं होतं. कडूच बोलले मी. आज वाटतं, बिचाऱ्याला कोणी बघायला शिकवलंच नव्हतं.

पाऊस होता. फादरना शाळेपासून काचेच्या गाडीतून नेलं. पुढे बँड, मागे टाय लावलेली मुलं छत्र्या घेऊन. दफनभूमीच्या फाटकापर्यंत डांबर, आत फरशी, वर पत्र्याचा मांडव. चेरीतली माणसं सकाळच्या बसनं आली होती. ती फाटकाबाहेर थबकली आणि सगळ्यांनी चपला काढून हातात घेतल्या. तिथे कोणी तसं म्हटलं नव्हतं. पाट्टी माझा दंड धरून आत आली. खड्डा पाहिला, कोरडी माती पाहिली, चौघं पेटी घेऊन सरळ चालत येताना पाहिले. कोणाचाही पाय घसरला नाही.

“सामी कोरडे गेले, नाही का टीचर?” ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिनं डोक्याला हात लावला, “कपाळ माझं” म्हणाली आणि छातीवर क्रूस काढला.

ती गेली त्याच्या पुढच्या ऐप्पसीत. त्या दिवशी शाळेतून रजा घेऊन मी गेले. मोजणी चालूच होती आणि बांध होता तेवढाच होता. चौघांनी ताटी खांद्यावर घेतली. मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या मागून पाण्यात उतरले.